मुलींचीच स्पर्धा आधी रद्द का होते?

२४ डिसेंबर २०२१ रोजी आंतरराष्ट्रीय आईस हॉकी महासंघाने एक निर्णय जाहीर केला. कोरोनाच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराचा फैलाव वाढत असल्यामुळे जानेवारी २०२२ मध्ये सुरू होणाऱ्या महासंघाच्या सर्व स्पर्धा रद्द करण्यात आल्या. त्यांत सर्वांत महत्त्वाची होती ती १८ वर्षांखालील मुलींची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. स्वीडनमधील लिन्शॉपिंग आणि म्योल्बी येथे ८ जानेवारीपासून ती व्हायची होती. अनेक देशांच्या मुली तयारीत होत्या. नाताळच्या सुट्टीत त्यांना कळले की, जायचे नाही.

बरोबर दोन दिवसांनी, २६ डिसेंबरला, कॅनडातील एडमंटन आणि रेड डीअर या शहरांत २० वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा ठरल्याप्रमाणे सुरू झाली. रोग तोच, महासंघ तोच, खेळही तोच. मुलांची स्पर्धा मात्र डिसेंबरात सुरू होत होती आणि मुलींची जानेवारीत. पुढे मुलांच्या संघांतही रुग्ण सापडू लागले, काही सामने न खेळताच सोडून द्यावे लागले आणि २९ डिसेंबरला ती स्पर्धाही थांबवावी लागली. म्हणजे मुलांना निदान मैदानात उतरू दिले गेले आणि रोगाने त्यांना बाहेर काढले. मुलींना दाराबाहेरच थांबवले गेले.

एकदाच असे झाले असते तर महामारीच्या धांदलीतला निर्णय म्हणून सोडून देता आले असते. परंतु त्याच्या आदल्या वर्षी काय घडले ते पाहा. जानेवारी २०२१ ची मुलींची स्पर्धाही रद्द झाली होती. त्याच हंगामात २० वर्षांखालील मुलांची स्पर्धा २५ डिसेंबर २०२० ते ५ जानेवारी २०२१ या काळात एडमंटनला झाली. खेळाडूंना बाहेरच्या जगापासून वेगळे ठेवून, वारंवार चाचण्या करून, रिकाम्या प्रेक्षागृहात ती पार पाडली गेली. तेव्हा लसीकरण नुकतेच कुठे सुरू झाले होते. एप्रिल-मे २०२१ मध्ये १८ वर्षांखालील मुलांची स्पर्धा अमेरिकेतील टेक्सास राज्यात झाली. म्हणजे मनात आणले तर महामारीतही स्पर्धा घेता येते, हे महासंघाने स्वतःच सिद्ध केले होते. ते मनात आणणे मुलांसाठी दोनदा झाले आणि मुलींसाठी एकदाही झाले नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २४ डिसेंबरचा तो निर्णय केवळ मुलींसाठी नव्हता. जानेवारीतल्या सर्वच स्पर्धांना तो लागू होता. पुरुषांच्या वरिष्ठ गटाची २०२० ची जागतिक स्पर्धाही महामारीत रद्द झाली होती. एडमंटनमध्ये संघ येऊन दाखल झाले होते, दोन दिवसांवर आलेली स्पर्धा मोडणे अवघड होते, हेही खरे आहे. महासंघातील कोणी मुलींविषयी आकस धरून हा निर्णय घेतला, असा आमचा आरोप नाही. आमचे म्हणणे त्याहून गंभीर आहे. नियम सर्वांना सारखा लावला आणि तरीही फटका एकाच बाजूला बसला, तर दोष नियमाच्या भाषेत शोधून सापडत नाही. तो वेळापत्रकात असतो, तिजोरीत असतो, निर्णय घेणाऱ्यांच्या नजरेत असतो. ज्या स्पर्धेवर दूरचित्रवाणीचा पैसा आहे, तिकिटांची विक्री आहे, जाहिरातदार आहेत, ती वाचवण्यासाठी शंभर उपाय सुचतात. जिच्यावर यातले काही नाही, ती रद्द करण्यासाठी एक बैठक पुरते. भेदभाव करणारा माणूस दिसत नाही आणि भेदभाव मात्र घडून जातो.

हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून दोन शब्द सांगतो. बर्फाच्या रिंकवर पायात स्केट्स घालून हा खेळ खेळतात. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. गोलरक्षकासह एका बाजूला सहा खेळाडू असतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात. खेळ इतका वेगवान की खेळाडू वारंवार बदलावे लागतात. खेळ महागडाही आहे. स्केट्स, स्टिक, हेल्मेट, अंगभर संरक्षक साहित्य आणि त्याहून महाग म्हणजे बर्फ. यंत्राने गोठवलेली रिंक चालवायला वीज लागते, पैसा लागतो. त्यामुळे रिंकवरचा एक तास कोणाला द्यायचा, हाच या खेळातला पहिला प्रश्न असतो. जगभर त्याचे उत्तर बराच काळ एकच होते: आधी मुलगे.

तारखाच बघा. २० वर्षांखालील मुलांची अधिकृत जागतिक स्पर्धा १९७७ मध्ये सुरू झाली. महिलांची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ओटावा येथे भरली ती १९९० मध्ये. महिला आईस हॉकीला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला १९९८ मध्ये, जपानमधील नागानो येथे. १८ वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा १९९९ पासून आहे. मुलींच्या नशिबी पहिली कुमार गटाची जागतिक स्पर्धा आली जानेवारी २००८ मध्ये, कॅनडातील कॅलगरी येथे. फक्त आठ संघ होते. अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाला ५-२ असे हरवले. १९७७ ते २००८ म्हणजे एकतीस वर्षे. मुलांची एक पिढी खेळून, निवृत्त होऊन, प्रशिक्षक होऊन बसली, तेव्हा कुठे मुलींसाठी पहिली शिट्टी वाजली.

एवढ्या उशिरा प्रवेश दिल्यावर निदान वाट तरी पाहावी की नाही? तेवढाही धीर प्रस्थापितांना नव्हता. फेब्रुवारी २०१० मध्ये व्हँकुव्हरचे हिवाळी ऑलिंपिक झाले. १३ फेब्रुवारीला कॅनडाच्या महिलांनी स्लोव्हाकियाला १८-० असे हरवले. अमेरिकेने चीनला १२-१ आणि रशियाला १३-० असे हरवले. लगेच चर्चा सुरू झाली की, हा खेळ ऑलिंपिकमध्ये हवाच कशाला? इतके एकतर्फी सामने कोण बघणार? आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष जॅक रॉग यांनी, खेळाला सुधारण्यासाठी वेळ देऊ, पण सुधारणा झाली नाही तर असेच चालू ठेवता येणार नाही, अशा अर्थाचा जाहीर इशारा दिला.

महिलांकडे गुणवत्ता नाही, हा त्या चर्चेचा खरा सूर होता. ‘गुणवत्ता’ हा शब्द आमच्या वाचकांना नवा नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवले, त्याला आत घेताच पहिल्या दिवशी त्याची मोजणी करायची आणि उणे भरला की म्हणायचे, बघा, आम्ही सांगत नव्हतो! ही युक्ती आपण चांगली ओळखतो. तिला उत्तर इतिहासातूनच द्यावे लागते. १९२४ मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक झाले. तेथे कॅनडाच्या पुरुषांनी चेकोस्लोव्हाकियाला ३०-०, स्वीडनला २२-० आणि स्वित्झर्लंडला ३३-० असे हरवले होते. १९४९ च्या जागतिक स्पर्धेत कॅनडाने डेन्मार्कवर ४७ गोल केले, डेन्मार्कचा एकही नाही. म्हणून पुरुषांचे आईस हॉकी बंद करा, असे म्हटले गेले काय? नाही. त्यांना वेळ दिला गेला. रिंक बांधल्या गेल्या, लीग उभ्या राहिल्या, लहान मुलांच्या हाती स्टिक दिल्या गेल्या. त्याच चेकोस्लोव्हाकियाने आणि स्वीडनने पुढे जगज्जेतेपदे मिळवली. पुरुषांचा दारुण पराभव हा शिकण्याचा टप्पा मानला गेला. महिलांचा तसाच पराभव हा मात्र त्यांच्या नालायकीचा पुरावा ठरला.

आता १८-० ने हरलेल्या त्या स्लोव्हाकियाचे पुढे काय झाले ते पाहा. कॅलगरीला मुलींची पहिली कुमार स्पर्धा झाली त्याच महिन्यात, जानेवारी २००८ मध्ये, स्लोव्हाकियातील झिलिना येथे नेला लोपुशानोव्हा नावाची मुलगी जन्मली. व्हँकुव्हरला तिच्या देशाच्या संघावर अठरा गोल होत होते तेव्हा ती दोन वर्षांची होती. जानेवारी २०२३ मध्ये स्वीडनमधील ओस्टरसुंड येथे १८ वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा झाली, त्यात ती स्लोव्हाकियाकडून खेळली. पंधरावा वाढदिवस काही दिवसांवर आला होता. पाच सामन्यांत तिने नऊ गोल केले. स्वीडनविरुद्धच्या सामन्यात गोलजाळीच्या मागे जाऊन तिने पक आपल्या स्टिकच्या पात्यावर उचलून धरला आणि वळसा घालून गोलरक्षकाच्या खांद्यावरून जाळीत ठेवला. मोठमोठ्या व्यावसायिक पुरुष खेळाडूंनाही हा गोल क्वचितच साधतो. कॅनडा नाही, अमेरिका नाही, स्लोव्हाकियाची चौदा वर्षांची मुलगी त्या स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली.

ही मुलगी आकाशातून पडली नाही. खेळायला स्पर्धा होती, संघ होता, जाण्यासाठी एक जागा होती, म्हणून तिची प्रतिभा जगाला दिसली. २०१० मध्ये इशाऱ्याला घाबरून महिलांचे आईस हॉकी गुंडाळले असते, तर झिलिनाच्या त्या मुलीने काय केले असते? कदाचित घराजवळच्या रिंकवर ती मुलांसोबत चार वर्षे खेळली असती आणि मग कोणीतरी तिला सांगितले असते की, आता पुरे, तुझ्यासाठी पुढे काही नाही. मग महासंघाने खुशाल म्हटले असते की, स्लोव्हाकियात गुणवत्ता नाही!

चेक प्रजासत्ताकाचेही तसेच आहे. २००८ च्या पहिल्या स्पर्धेत या देशाच्या मुलींनी कांस्यपदक मिळवले होते. नियमित स्पर्धा मिळत गेली, मुली मोठ्या झाल्या आणि २०२२ व २०२३ मध्ये चेक महिलांच्या वरिष्ठ संघाने जागतिक स्पर्धेत लागोपाठ कांस्यपदके पटकावली. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुग येथे चेक मुलींनी १८ वर्षांखालील स्पर्धेच्या उपांत्य फेरीत बलाढ्य कॅनडाला ४-२ असे हरवले. अंतिम सामना त्या अमेरिकेकडून ५-१ असा हरल्या, पण रौप्यपदक घेऊन घरी गेल्या.

अंतर मिटले, असे आम्ही म्हणणार नाही. २००८ पासून २०२५ पर्यंत या स्पर्धेचे प्रत्येक सुवर्णपदक अमेरिका किंवा कॅनडा याच दोन देशांकडे गेले आहे. २०२३ च्या उपांत्य सामन्यात यजमान स्वीडनने अमेरिकेला हरवून खळबळ उडवली, पण अंतिम सामन्यात कॅनडाने त्याच स्वीडनचा १०-० असा धुव्वा उडवला. २०२५ मध्ये फिनलंडमधील वांता येथे पुन्हा कॅनडा आणि अमेरिकाच अंतिम फेरीत होते, कॅनडा ३-० ने जिंकला. मक्तेदारी एका रात्रीत मोडत नसते. ती मोडायला दरवर्षी न चुकता भरणारी स्पर्धा लागते. म्हणूनच तर लागोपाठ दोन स्पर्धा रद्द करणे हा लहान अपराध नव्हता.

हिशेब करून पाहा. ब्रातिस्लाव्हा येथे २०२० ची स्पर्धा २ जानेवारीला संपली. त्यानंतरची स्पर्धा झाली जून २०२२ मध्ये. मध्ये जवळपास अडीच वर्षे कोरडी गेली. २००३ साली जन्मलेल्या मुलीला जानेवारी २०२१ ही शेवटची संधी होती, ती गेली. २०२२ साल उजाडले तेव्हा ती वयाबाहेर झाली होती. बत्तीस-तेहेतीस वर्षांच्या खेळाडूची एक स्पर्धा हुकली तर ती पुढच्या वर्षी खेळते. सतराव्या वर्षी हुकलेली स्पर्धा आयुष्यात परत येत नाही. शिवाय या स्पर्धेत अमेरिकेतील विद्यापीठांचे प्रशिक्षक खेळाडू हेरायला येतात. तिथली शिष्यवृत्ती म्हणजे अनेक मुलींसाठी शिक्षण आणि खेळ या दोन्हींचे दार. मुलग्यांना कुमार वयानंतर व्यावसायिक लीगचा राजमार्ग आहे. मुलींची वाट अरुंद, आणि नेमकी तीच बंद केली गेली.

अमेरिका आणि कॅनडाच पुढे का, याचे उत्तरही याच दिशेने जाते. त्या देशांत थंडी जास्त आहे म्हणून नव्हे. थंडी तर रशियातही आहे. अमेरिकेने १९७२ मध्ये कायदा केला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, असे त्या कायद्याने ठरवले. खेळही त्यात आला. मुलींना संघ द्या, मैदान द्या, शिष्यवृत्ती द्या, असे संस्थांना बजावावे लागले. तेव्हाही ओरड झालीच होती की, मुलांचे नुकसान होईल, मुलींना खेळात रस नाही. कायदा टिकला. २००१ पासून तेथे महिला आईस हॉकीची राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपद स्पर्धा भरू लागली. गुणवत्ता आधी आणि संधी नंतर, असा क्रम नसतो. कायद्याने संधी दिली, संधीतून गुणवत्ता आली.

आणि एवढे मिळूनही तेथील खेळाडूंना लढावे लागलेच. मार्च २०१७ मध्ये, मायदेशात होणाऱ्या जागतिक स्पर्धेच्या तोंडावर, अमेरिकेच्या महिला संघाने बहिष्काराची घोषणा केली. चार वर्षांच्या ऑलिंपिक आवर्तनात फक्त सहा महिने, दरमहा एक हजार डॉलर मिळतात, असे त्यांचे म्हणणे होते. मुलग्यांच्या कुमार विकास कार्यक्रमावर दरवर्षी सुमारे पस्तीस लाख डॉलर खर्च होतात आणि मुलींसाठी त्या तोडीचे काहीच नाही, हेही त्यांनी मांडले. म्हणजे भांडण फक्त स्वतःच्या मानधनाचे नव्हते, मागून येणाऱ्या मुलींचेही होते. राष्ट्रीय संघटनेने तेव्हा पर्यायी संघ उभा करण्याची खटपट केली. महाविद्यालयीन खेळाडूंना विचारले, थेट १८ वर्षांखालील गटातील मुलींपर्यंत विचारणा गेली. देशाचा पोशाख घालून जागतिक स्पर्धेत खेळायचे आमिष सोळा-सतरा वर्षांच्या मुलीसाठी किती मोठे असते! पण नकार आला. एकामागून एक नकार आले. संघटनेला तडजोड करावी लागली. स्पर्धा सुरू व्हायला तीन दिवस असताना, २८ मार्चला करार झाला. त्याच संघाने ती स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात कॅनडाला जादा वेळेत ३-२ असे हरवून. संघटित होणे म्हणजे काय, हे त्या मुलींना कोणी व्याख्यान देऊन शिकवले नव्हते. फुटायचे नाही, एवढे त्यांना कळले होते.

२०२१ च्या डिसेंबरातही आवाज उठला तेव्हाच काही घडले. मुलांची स्पर्धा मोडताच ती उन्हाळ्यात पुन्हा घेण्याची भाषा लगेच सुरू झाली. मग मुलींचे काय, हा प्रश्न खेळाडूंनी, माजी खेळाडूंनी, पालकांनी जाहीरपणे विचारला. अखेर महासंघाला मुलींच्या स्पर्धेलाही तारीख द्यावी लागली. जून २०२२ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन आणि मिडलटन येथे ती झाली. कॅनडाच्या मुलींनी अमेरिकेला ३-२ असे हरवले. जी स्पर्धा अशक्य म्हणून रद्द केली होती, ती पाच महिन्यांत शक्य झाली!

कोणी म्हणेल, हे बर्फाळ देशांचे दुखणे, आपला काय संबंध? आपल्या देशालाही आईस हॉकीचा महिला संघ आहे आणि त्यातील बहुतेक मुली लडाखच्या आहेत. तलाव गोठतात ते हिवाळ्याचे जेमतेम दोन महिने. त्यात बर्फावर आपल्या वाट्याचा वेळ मिळवण्यासाठीही झगडावे लागते, असे या खेळाडूंनीच सांगितले आहे. २०१६ मध्ये हा संघ तैपेई येथे आशियाई चॅलेंज चषकात पहिल्यांदा उतरला आणि एकही सामना जिंकू शकला नाही. प्रवासासाठी लोकवर्गणी काढावी लागली. २०१७ मध्ये बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला ४-३ असे हरवून पहिला विजय मिळवला. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे आशिया चषकाचे कांस्यपदक जिंकले. पहिल्या वर्षाच्या पराभवांवरून या मुलींना घरी बसवले असते, तर हे पदक आले असते काय? क्रिकेटच्या एका सामन्यासाठी रात्रीचा दिवस करणाऱ्या या देशात लेहच्या मुलींची ही बातमी किती घरांत पोहोचली, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

महामारी गेली. पुन्हा कधी तिजोरीला ओढ लागेल, पुन्हा कुठे युद्ध होईल, मंदी येईल. तेव्हा पुन्हा एक बैठक बसेल आणि काय काय रद्द करता येईल याची यादी होईल. ती यादी करणाऱ्या टेबलाभोवती कोण बसले आहे, हे आजच पाहिले पाहिजे. जे मैदानात सर्वांत शेवटी आले त्यांचा कोणी तिथे नसेल, तर कात्री आधी त्यांच्यावरच चालणार. मग पुढे चार-पाच वर्षांनी कोणीतरी आकडेवारी काढून म्हणणार की, यांच्यात गुणवत्ताच नाही.

२००३ साली जन्मलेल्या त्या मुली आज विशीच्या पुढे आहेत. त्यांची स्पर्धा त्यांना परत देता येणार नाही. पुढच्या मुलींची तरी हिरावली जाऊ नये, एवढे करता येईल.